सेनोबियाच्या काढ्याची वाफ

पेरूतल्या लिमा शहराच्या कडेला, व्हिया मारियाच्या टेकडीवर कुणाची छाती भरली, कुणाचं नाक चोंदलं, कुणाचा घसा बसला, की पावलं वळणार कुठं? सेनोबिया आय्किपाच्या हातगाडीकडे. पहाटे पाचला बाई बसथांब्यापाशी हजर. जव, जवस, लसूणघास आणि जंगलातून येणारी ती मांजरनखीची साल, सगळं तासन्‌तास उकळून केलेला काढा, एमोलिएन्ते. वरून लिंबू. कुणाला पातळ लागतो, कुणाला जवसाची तार सुटेल इतका दाट. ती एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात इतक्या उंचावरून ओतायची की नवं गिऱ्हाईक आधी दोन पावलं मागं सरकायचं.

गिऱ्हाईक तिला ‘कासेरा’ म्हणायचं, ती गिऱ्हाइकाला ‘कासेरो’. नेहमीच्या माणसांनी एकमेकांना असंच म्हणायचं असतं.

“कासेरा, घट्ट दे आज. रात्रभर खोकलोय.”

“खोकलास की बायकोनं अंगणात झोपवलं, कासेरो?”

असं चालायचं. पण जूनच्या सुरुवातीला, इथला हिवाळा लागता लागता, एका सकाळी रिक्षावाला फाउस्तिनो पेला रिकामा करून म्हणाला, “काय गं कासेरा, गावाचे घसे साफ करतेस आणि तुझ्या घरची किटली शिट्टी मारतेच आहे की!”

सगळे हसले. सेनोबियाही हसली. पण हातातला पेला कलंडला आणि काढा सांडला चपलेवर. कारण घरची किटली म्हणजे तिची यानिरा, चौदा वर्षांची. शाळेतल्या कारट्यांनीच ठेवलेलं ते नाव. पोर वर्गात बसली की छातीतून बारीक शिट्टी, सूं सूं. त्यावर लागोपाठ आठ-नऊ शिंका, लाल डोळे, आणि बाहीत कोंबलेला रुमाल. चौदाव्या वर्षी मुलीला आरशात नाकावरची पुटकुळीसुद्धा सहन होत नाही, इथं तर अख्खं नाकच वैरी झालेलं.

आणि त्यात आदल्याच दिवशी आंदावाय्लासहून उबाल्दिनाचा फोन. उबाल्दिना म्हणजे सेनोबियाची थोरली बहीण, डोंगरातल्या गावी राहणारी, मूलबाळ नाही, आवाज मात्र चार पोरांच्या आईसारखा.

“जुलैच्या सुट्टीत मी येतेय. येताना एकटी, जाताना दोघी. पोरीला घेऊन जाणार.”

“अगं, काय बोलतेस?”

“खरं तेच बोलतेय. जानेवारी-फेब्रुवारीच्या मोठ्या सुट्टीत माझ्याकडं होती, एक शिंक दिली का तिनं? विचार तिला. तुझ्याकडं आली की मेपासून सुरू. तिथली हवा तिला मानवत नाही. माझ्याकडं शाळा आहे, शेजारी मुली आहेत, दूध आहे. तुला जमत नाहीये, सेनो. नाही जमत तर नाही जमत.”

हे ‘जमत नाहीये’ सेनोबियाच्या अंगात काट्यासारखं शिरलं ते निघेना. त्या दिवसापासून बाईला बूड टेकवून बसणं माहीत नाही. बसली की उठायची, उठली की पोरीच्या पाठीला कान लावायची.

“आई, मी अभ्यास करतेय.”

“कर की. मी कुठं अडवतेय? जरा मोठा श्वास घे.”

“घेतला.”

“अजून एक.”

“आई!”

आता सेनोबियाची बाजूही ऐका, नाहीतर तुम्ही लगेच तिला नावं ठेवाल. सतरा वर्षांची असताना ती एका गाठोड्यानिशी लिमात उतरली. काढा शिकली ती बाजारातल्या एका म्हातारीच्या हाताखाली भांडी घासत. टेकडीवर जागा धरली, आधी चटयांचं खोपटं, मग फळ्या, मग दोन बाजूंनी विटा, वर पत्रा. नवरा गाउदेन्सिओ खाणीत, वीस दिवस तिकडं नि आठ दिवस इकडं, त्या आठातले चार झोपण्यात. म्हणजे घर उभं केलं ते हिनंच. आणि लहानपणी, गावी, तिचा धाकटा भाऊ छातीच्या दुखण्यानं गेला होता. ‘वारा शिरला’, एवढंच सगळे म्हणाले. सात वर्षांच्या पोरीनं ते ऐकलं आणि गाठ मारून ठेवलं. वारा आत येऊ द्यायचा नाही. बस्स.

म्हणून गेल्या वर्षभरात काय काय केलं बाईनं! आधी संशय गेला गिनिपिगांवर. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खोक्यात सहा होते, गुबगुबीत, सणासुदीसाठी पाळलेले. शेजारीण कासिमिरा म्हणाली, “केसांनी होतं हे.” झालं. रोज एक याप्रमाणे सहाही बटाट्यांबरोबर ताटात आले. कासिमिरा सहाही दिवस बरोबर जेवणाच्या वेळेला चौकशीला यायची. गिनिपिग संपले, खोकला तिथंच.

मग खिडकी. निवडणुकीत पडलेल्या कुणा उमेदवाराचा भलामोठा फ्लेक्स तिनं आणला, दुमडून खिडकीवर खिळ्यांनी ठोकला, फटींत वर्तमानपत्र कोंबलं. तेव्हापासून घरात दिवसाढवळ्या अंधार, आणि त्या अंधारात उमेदवाराचे बत्तीस दात.

मग पांघरुणं. लग्नात आलेली, वाघाचं तोंड छापलेली, लोकरीसारखी जाडजूड ब्लँकेटं, तीन. आपल्याकडं घरात वाघ नाही असं घर सापडायचं नाही. तिन्ही वाघ पोरीच्या अंगावर. पोर खाली चपटी.

आणि शेवटचा, रामबाण इलाज म्हणजे वाफ. काढा ती दिवसातून दोनदा उकळायची, सकाळच्या गाडीसाठी आणि संध्याकाळच्या, दोन मोठ्या पातेल्यांत. तिनं विचार केला, लोक पैसे देऊन हा काढा पितात, तर याची वाफ माझ्या लेकीला फुकट का मिळू नये? म्हणून यानिराची खाट ओढली ती थेट चुलीमागच्या भिंतीला लावली. दार बंद. पातेल्यांत वरून निलगिरीची मूठभर पानं. वाफेनं खोली अशी भरायची की वहीवरची शाई पसरायची आणि पत्र्यावरून टप्‌ टप्‌ थेंब वाघांवर.

“ओढ, छातीत ओढून घे,” सेनोबिया म्हणायची. “दवाखान्यात याचे पैसे पडतात.”

पोर ओढायची. आणि खोकायची. ती जितकी खोकायची तितकी आई जास्त उकळायची. आई जितकी उकळायची तितकी... काय ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तिच्या नाही आलं. डोक्यात एकच, जुलै, जुलै, उबाल्दिना येतेय.

आरोग्य केंद्रातून मिळालेला दम्याचा पंप होता, तो तिनं साखरेच्या डब्यामागं ठेवला होता. “सवय लागते त्याची,” ती म्हणायची. “एकदा लागली की आयुष्यभर खिशात नळी घेऊन हिंड.”

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शाळेतून निरोप आला. कवायतीच्या तासाला यानिरा मैदानातच खाली बसली होती, ओठ निळसर, शब्द फुटेना. सेनोबिया गाडी तशीच फाउस्तिनोच्या हवाली करून धावली. आरोग्य केंद्रात पोहोचली तेव्हा पोरीच्या तोंडावर मास्क, आणि शेजारी बेर्रोस्पी सिस्टर. बुटकी, चष्मा, बोलणं थोडं पण टोकदार.

“घरी पंप देता का हिला?”

सेनोबियानं चपलेकडं बघितलं.

“समजलं,” सिस्टर म्हणाली. “उद्या घर बघायला येते.”

“घर कशाला? आजारी पोरगी आहे, घर नाही.”

“ते उद्या कळेल.”

रात्रभर सेनोबियानं घर घासलं. फरशी आरशासारखी, भांडी रांगेत, वाघांच्या मिशासुद्धा नीट केलेल्या. आणि पाहुणीला छान वाटावं म्हणून दोन्ही पातेली उकळत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरनं दारात पाऊल टाकलं आणि तिच्या चष्म्यावर पडदा. तिनं पुसला. पुन्हा पडदा.

“कुणी आहे का घरात?” ती वाफेकडं बघत म्हणाली.

यानिरा फिस्सकन हसली. हसता हसता खोकली.

“औषधी वाफ आहे ती, सिस्टर,” सेनोबिया छाती काढून म्हणाली. “अख्खी टेकडी पिते माझा काढा.”

“पिऊ दे. मीपण पिते, जवस जास्त घालून. पण पिते, छातीत ओढत नाही.” सिस्टरनं खाटेचा पाय धरला. “जरा हात लावा.”

खाट पुढं ओढली. भिंत काळी. खालून वर चढत गेलेली, ठिपक्याठिपक्यांची, मध्ये हिरवट केसाळ डाग. जिथं यानिराची उशी यायची तिथं तर डोक्याएवढं काळं वर्तुळ. सिस्टरनं उशी उचलून थापटली, वाघ उलटा केला. आतल्या बाजूला ओलसर वास, पावसात भिजलेल्या कुत्र्यासारखा.

“बुरशी,” ती म्हणाली. “आणि यात डोळ्यांना न दिसणारे किडे. ओल, ऊब आणि बंद दार, त्यांना दुसरं काही लागत नाही. तुम्ही पोरीला नाही पोसत, बाई, त्यांना पोसताय.”

सेनोबियाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “गावी तर याहून थंडी! पाऊस! उबाल्दिनाच्या घरात नाकाचं पाणी गोठतं, तिथं बरी असते पोरगी. मग थंडीनं होत नाही, ओलीनं होत नाही, तर माझ्या काढ्यानं होतं होय? काढ्यानं?”

सिस्टर वळून यानिराला म्हणाली, “तू सांग. कधी जास्त होतं? कधी कमी?”

यानिरानं रुमालाचा बोळा केला, उलगडला, पुन्हा केला.

“सोमवारी बरं असतं,” ती म्हणाली.

सोमवार म्हणजे गाडीची सुट्टी. सोमवारी चूल पेटायची ती भाताएवढीच.

सेनोबिया उभी होती ती खाली बसली. फोन आल्यापासून पहिल्यांदा.

“किती दिवस माहीत आहे तुला हे?”

“मागच्या वर्षीपासून.”

“आणि बोलली नाहीस? तोंड कशाला दिलंय? एरवी तर सारखी चालू असतेस!”

“काय बोलू?” यानिराचा आवाज चिरकला. “तू माझ्यासाठीच तर उकळतेस. म्हटलं, ओढते. सोमवार येतोच की.”

सेनोबियानं पदराला, म्हणजे अंगावरच्या एप्रनला, हात पुसले. कोरडेच होते. मग उठली, आणि पहिलं पातेलं, कडांवरून उसळणारं, फडक्यानं धरून दाराबाहेर नेऊन ठेवलं. मग दुसरं. सिस्टरच्या पायावर चार थेंब उडाले. बाईनं माफीही मागितली नाही. पण साखरेच्या डब्यामागून पंप काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, “शिकव. मला पण आणि तिला पण. नीट शिकव.”

आता थांबेल ती सेनोबिया कसली! आधी बंद करण्याचं वेड होतं, आता उघडण्याचं. फ्लेक्स खिळ्यांसकट उपटला. चूल अंगणात गेली, वर जुन्या पत्र्याचं छप्पर. खाट खिडकीकडच्या कोरड्या भिंतीला, पण हातभर अंतर ठेवून. यानिराला दोन दिवस कासिमिराकडं धाडलं आणि भिंत ब्लीचनं घासली, खरवडली, चुना मारला, पुन्हा खरवडली. कासिमिरा दारातून म्हणाली, “अगं, भिंत ठेव थोडी. पलीकडं माझं घर आहे.”

राहिले वाघ. ते धुतले, पिळले, दोरीवर टाकले. पण जून-जुलैत लिमात ऊन कुठून आणायचं? आकाश म्हणजे ओलं फडकं. चार दिवस दोरीवर होते, पाचव्या दिवशी टाकले त्याहून ओले. सेनोबिया दर तासाला हात लावून बघायची आणि दर तासाला जास्त बिथरायची. उबाल्दिना यायला अकरा दिवस.

“चोसिकाला ऊन असतं,” फाउस्तिनो म्हणाला. “लोक रविवारी तिथं ऊन खायला जातात.”

झालं. रविवारी पहाटे सेनोबिया, यानिरा आणि तीन ओले वाघ बसमध्ये. दोन बस बदलून, अडीच तास. बसमध्ये वाघांचं पाणी लोकांच्या बुटांत.

“बाई, ही काय सर्कस घेऊन चाललात?” कंडक्टर ओरडला. “सीट अडवली!”

“आजारी आहेत. हवापालटाला नेतेय.”

यानिरानं तोंड खिडकीकडं वळवलं. खांदे हलत होते. सेनोबियाचा जीव खालीवर झाला. “काय झालं? दम लागला? पंप देऊ?”

“हसतेय, आई. हसतेय मी.”

चोसिकाला खरंच ऊन. नदीकाठच्या दगडांवर वाघ पसरले, तोंडं वर करून. आजूबाजूला सहलीला आलेली माणसं मक्याची कणसं खात बघत होती. यानिरा दगडावर पडून झोपी गेली, तोंड मिटून, नाकानं श्वास घेत. सेनोबियानं ते बघितलं आणि बसवेना, तिथून हलवेना. दर दहा मिनिटांनी एक वाघ उलटायची. संध्याकाळी ते तिन्ही कडक वाळले होते, पापडासारखे. त्यांतले दोन तिनं तिथंच एका बाईला देऊन टाकले. तिसऱ्याला सिस्टरनं सांगितल्याप्रमाणे पातळ सुती खोळ शिवली, आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढायची म्हणून.

लगेच सगळं सोन्यासारखं झालं असं नाही हं. शिट्टी आली. एकदा आली, दोनदा आली. पण बारीक, आणि पंपानं बसणारी. शाळेत ‘किटली’ म्हणणारे म्हणतच होते. यानिरा एकाला म्हणाली, “किटली म्हण, पण चटका बसेल.” सेनोबियाला हे कळलं तेव्हा तिनं पोरीला जादा पाव दिला.

सव्वीस जुलैला उबाल्दिना आली. पोतंभर बटाटे, चीज, आणि यानिराचं परतीचं तिकीट छातीशी. दारात पाऊल टाकलं, गार वारा तोंडावर, उघडी खिडकी दिसली आणि बाईचा पट्टा सुटला.

“अगं ए, मारतेस का पोरीला? एवढ्या गारठ्यात खिडकी सताड! तरी म्हटलं ही आजारी का पडते!” पोतं टाकलं आणि खांद्यावरची रंगीत शाल काढून तिनं खिडकीच्या चौकटीत खोचलीसुद्धा.

  हेच सेनोबिया वर्षभर करत होती.

यानिरानं उठून शाल काढली, घडी घातली, मावशीच्या मांडीवर ठेवली.

“मावशी, तुझ्या घराच्या छपराखाली एवढी फट आहे की चिमण्या जेवायला येतात. तिथं मला काय होतं?”

“ते वेगळं!”

“काय वेगळं?”

उबाल्दिनानं छताकडं बघितलं, नव्या चुन्याकडं, अंगणातल्या चुलीकडं.  मग जेवायला बसली.

दोन दिवस ती राहिली आणि दोन्ही दिवस दोघी बहिणींचे कान पोरीच्या छातीवर. एकीनं डावीकडून ऐकायचं, एकीनं उजवीकडून. “शिट्टी आहे.” “ते माझ्या पोटात गुरगुरतंय.” “नाही, आहे!” मध्ये पोरगी, वर बघत, जीव मुठीत धरून.

तिसऱ्या दिवशी बसस्थानक. गर्दी, गाठोडी, गाडी सुटायला वीस मिनिटं. उबाल्दिनानं दोन्ही तिकिटं हातात धरली. आता चेहऱ्यावर भांडण नव्हतं.

“सेनो, तू बोलू नकोस. यानिरा, तू सांग, बाळा. खरं सांग. येतेस की राहतेस? माझ्याकडं तुला बरं वाटतं. हे तूही जाणतेस.”

सेनोबियानं खरंच तोंड बंद ठेवलं. पण पाय? पाय ऐकेनात. एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. सिस्टर म्हणाली होती, डोंगरातली हवा पोरीला चांगलीच आहे, खोटं कशाला सांगू. ते वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं.

“बरं वाटतं,” यानिरा म्हणाली. “जानेवारीत येणार आहे मी. दोन महिने. पण आत्ता नाही.”

“का गं?”

“मी गेले की आई पहिल्याच गारठ्यात खिडकी बंद करेल, चूल आत आणेल. मग मी परत येणार कुठं?”

“मी? मी कशाला बंद करेन!” सेनोबिया तोंड बंद ठेवायचं विसरली.

दोघी तिच्याकडं बघत राहिल्या.

“...एखाद्या दिवशी. फार गारठा असला तर,” ती म्हणाली.

उबाल्दिना हसली. नाक ओढलं, ते थंडीचं होतं की कसलं, विचारायची सोय नव्हती. यानिराचं तिकीट तिनं खिडकीवर परत दिलं. “जानेवारी,” ती पोरीच्या कपाळावर ओठ टेकवत म्हणाली. “आणि शिट्टी वाढली तर फोन. तुझ्या आईनं नाही, तू करायचा.”

बस सुरू झाली तेव्हा सेनोबियाच्या लक्षात आलं, वाटेसाठी बांधलेले पाव-अंडी आपल्याच हातात आहेत. ती धावली. बसच्या बाजूनं, गाठोडी ओलांडत, “उबा! उबाल्दिना!” करत, फाटकापर्यंत. ड्रायव्हरनं वेग कमी केला, खिडकीतून एक हात आला, पुडकं गेलं.

यानिरा मागून पोहोचली तेव्हा आई खांबाला धरून उभी होती.

“तू पळालीस का?” सेनोबियानं कसंबसं विचारलं. “पळायचं नसतं... दम लागला का... पंप आहे ना... जरा मोठा श्वास...”

“माझा ठीक आहे,” यानिरा म्हणाली. “तू आधी तुझा घे.”